पाच अंश

फॉर्मवर तो प्रश्न चौथ्या पानावर आहे.
मी आधी तोच विचारते.
"घरात कुणी जनावर?"
लोरेन तोवर चहा नको, पाणी नको, एवढंच बोललेली,
मफलरची गाठ सोडत, बांधत.
म्हणाली, "फ्रिजमध्ये आहे."

मी पेन खाली ठेवलं.

कासव. आईकडून आलेलं. नाव बिशप.
नोव्हेंबर ते मार्च ते झोपतं, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात,
भोकं पाडलेल्या बुटांच्या खोक्यात, मातीखाली.
पाच अंश. शून्याखाली गेलं तर डोळे जातात,
दहाच्या वर गेलं तर जाग येते, उपाशीपोटी.
रोज एकदा दार उघडून मिनिटभर हवा.
रविवारी वजन, स्वयंपाकघरातल्या काट्यावर.
हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा
न अडखळता चालला.

"तो हात लावत नाही त्याला.
बिअर काढायला येतो फक्त,
आणि बटणावर बोट ठेवून उभा राहतो.
माझ्याकडे बघत."

बहिणीने विचारलं होतं, पोलिसानेही,
आणि माझ्याआधी या खुर्चीत बसलेल्या दोघींनी:
निघत का नाहीस?
उत्तर खालच्या कप्प्यात झोपलेलं.

कामावर असताना घरचं काही आठवायचं नाही,
असा माझाच नियम आहे.
गोदूमावशी तीन वेळा माहेरी आली,
तीन वेळा दिवेलागणीच्या आत परत गेली.
नवऱ्यात जीव अडकलाय, म्हणायचे सगळे.
धारेची वेळ झाली की मांडीवर तिच्या मुठी
आपोआप मिटायच्या, उघडायच्या.
मी पाहिलं होतं. सात वर्षांची होते.
म्हैस तिची होती, बांगड्या मोडून घेतलेली.

हडर्सफील्डच्या आमच्या आश्रयघरात जनावर चालत नाही.
कुणाला दमा, कुणाला धास्ती, बरोबरच आहे.
कोर्टाच्या कागदात कासवाला रकाना नाही;
मी "सामान"मध्ये लिहिलं,
पासपोर्ट आणि शिलाई मशीन यांच्या मधोमध.
सांभाळणारी मिळाली, रिकामा फ्रिज असलेली.
तिचं गाव लोरेनला कळायचं नाही, मलाही नाही.
नाव बदलावं लागतं.
मी लिहिलं: गोदू.

तो रात्रपाळीला गेला त्या गुरुवारी
आम्ही मोटरवेवर, जानेवारीत, हीटर बंद,
काचा चार बोटं खाली.
मांडीवर आईसबॉक्स, हातात थर्मामीटर.
"सहा," ती म्हणायची. मी काच आणखी उतरवायचे.
"पाच." मग दोघी गप्प.
माझे दात वाजत होते. मी म्हटलं,
आमच्याकडे देवळात आधी कासवाला नमस्कार,
देवाला नंतर.
"शहाणे लोक," लोरेन म्हणाली.
बऱ्याच वेळाने, एका लॉरीमागे असताना:
"साठ वर्षं बिशप. डॉक्टर म्हणतो, मादी आहे."

रोपांच्या दुकानामागच्या पार्किंगमध्ये
खोकं दुसऱ्या गाडीत गेलं.
लोरेनने त्या बाईला वजन सांगितलं, दोनदा.
बाराशे आठ.
निरोप वगैरे नाही. झोपलेल्याशी काय बोलणार.

मार्चमध्ये फोटो येईल कदाचित.
मी तसं म्हटलेलं नाही तिला.

आश्रयघराच्या फ्रिजवर प्रत्येकीच्या नावाची चिठ्ठी आहे.
लोरेनचा कप्पा सगळ्यात खालचा. त्यात काही नाही.
रोज सकाळी साडेसातला ती दार उघडते,
मिनिटभर उभी राहते, लावते.
पहिल्या आठवड्यात तस्लीमा कुरकुरली, विजेवरून.
आता बाळाची बाटली हातात घेऊन
तीही थांबते, मिनिट होईपर्यंत,
मग दूध काढते.