हजाराला किती

टॉवेलच्या कारखान्यात एकशे बारा माणसांचा पगार
माझ्याच बोटांखालून जातो.
कुणाचे खाडे, कुणाची उचल, कुणाचा पीएफ थकलाय,
यल्लप्पा मुकादमाच्या दुसऱ्या घरी जाणारे अडीच हजारसुद्धा
मला पाठ.
फक्त माझा आकडा बरोबर की चूक
ते कुठल्याच रकान्यात सापडत नाही.
साडेचौदा. आठ वर्षं झाली,
त्यातल्या तीन दिवाळ्या साडीवर भागवलेल्या.

म्हणून मार्चएंड उरकल्यावर विचारत निघाले.
अक्कलकोट रोडला गणवेशवाल्यांच्या गाळ्यात बसणारा नदाफ म्हणाला,
"भागतंय की."
नवी पेठेतल्या दुकानातला बिराजदार
पेन टोपणात घालत, काढत, घालत राहिला.
"कागदावरचा सांगू का हातातला?"
दोन्ही सांग म्हटलं, तर चहाच मागवला.
एकानं पेट्रोल धरून सांगितला, एकानं बोनस धरून,
एकीनं नवऱ्याचा सांगितला.
सीएच्या ऑफिसातला पोरगा वीस म्हणाला,
मग जिन्यात मागून धावत आला :
"सोळा आहे ताई. कुणाला बोलू नका."

वहीच्या शेवटच्या पानावर लिहीत गेले
पेन्सिलीनं, नावं गाळून.
सोळा. अठरा. अठरा, पण जेवण तिथंच.
बावीस, जीएसटी धरून, गाडी स्वतःची.

नागमणी वडलाकोंडा दत्त चौकात भेटली.
दोन कारखान्यांचं लिहिते ती, सकाळी एक, दुपारनंतर एक.
दोन्ही मिळून तेरा.
सांगून झाल्यावर म्हणाली, "आणि तू?"

इतक्या जणांना विचारलं,
उलट कुणी विचारलं नव्हतं.
बिराजदार पेनाशी का खेळत होता ते तेव्हा कळलं.
सांगितला.
तिनं मोबाईल काढला, कॅल्क्युलेटरवर काहीतरी केलं
आणि मला न दाखवता बंद केला.

आई विड्या वळायची.
घरकुलातल्या सगळ्याच वळायच्या,
आणि हजाराला किती ते शेंबड्या पोरालाही ठाऊक.
पलीकडच्या कारखान्यानं रुपया वाढवला
तर दुपारच्या आत अख्खी ओळ सुपं खाली ठेवून उभी.
कुणाची छाट किती निघाली, तेही तोंडावर.
आम्ही शिकलो.
आम्हाला खुर्ची मिळाली, कूलर मिळाला,
आणि आकडा पदराखाली झाकायची रीत.

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये गेले.
"बाहेर अठरा ते बावीस चाललंय," म्हटलं.
वाटलं होतं, मंदी काढतील, सूत महागलं म्हणतील.
त्याची उत्तरं रात्रीच जुळवलेली;
सूत कितीनं महागलं ते मीच तर लिहिते.
त्यांनी ते काढलंच नाही.
चष्मा उतरवला.
"कोण सांगितलं?"

किती नाही, का नाही. कोण.

पंख्याखाली व्हाउचरं फडफडत होती,
मी त्यांच्यावर पेपरवेट ठेवला, सवयीनं,
आणि परत म्हटलं, अठरा ते बावीस.
"बघू की, पुढच्या महिन्यात."
"कुठल्या तारखेला?"
ते बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसले,
जणू तिथं तारखा नसून माणसं होती.

घरी आले तर चार दिवसांनी पाणी आलेलं.
आई नळावर, घागरीवर घागर,
तिथूनच ओरडली, "काय म्हणला शेठ? किती देतो?"
एवढ्या मोठ्यानं, की समोरच्या गॅलरीतले कपडे वाळायचे थांबले.
हळू, म्हणायला तोंड उघडलं.
"साडेचौदाच आहे अजून," मी तिच्याच पट्टीत म्हटलं,
"वीस मागितलेत."

पलीकडच्या दारातून ओले हात पुसत
लक्ष्मीबाई चिलका बाहेर आल्या.
"वीस?
अगं, मग आमची अंबिका बारावर काय करायलीय?"