शेकड्याबाहेरचा एक

शहापुरात साड्यांचे माग थांबले, त्या खोलीत
आता पट्ट्या होतात. गळ्यातल्या, ओळखपत्राच्या.
मी हुक लावते. शेकड्याला चाळीस.

उद्यमबागेतल्या फौंड्रीची निळी,
कॉन्व्हेंटची मरून, दोन्ही अंगांनी नाव,
लग्नातल्या वाढप्यांची पिवळी, तिच्यावर
‘पाहुण्यांनी लाजू नये’ छापून मागितलं कुणी.

छापताना भरमाण्णा विचारतो,
“कानडीत की मराठीत?”
गिऱ्हाईक आधी दाराकडे बघतं,
मग म्हणतं, इंग्लिशमध्येच टाका.

चुकलेल्या पट्ट्या मी घरी नेते.
एकीला मोटारीच्या खोलीची किल्ली,
एकीत सासऱ्यांचा चष्मा,
एकीनं करडू बांधलं होतं, ते सुटलं
आणि ‘व्हिजिटर’ होऊन फिरलं गल्लीभर.

ह्यांची मात्र खिळ्यालाच आहे.
तापल्या लोखंडाची ठिणगी उडून
मधोमध भोक पडलेली.
काल धाकटीनं ती मागितली, कॉलेजच्या कार्डाला.
म्हटलं, नवी देते की, पायजे त्या रंगाची.
नको म्हणाली.

रात्री भोकावर टाका घातला,
गंजका हुक बदलला.

हा शेकड्यात धरला नाही.