बेचाळीस अंश

आमच्या गावात खून झाला तेव्हा
घाट बर्फानं बंद होता
आणि एकुलता एक पोलीस पलीकडच्या फ्योर्डात,
मेहुणीच्या बाळाच्या बारशाला जाऊन अडकलेला.

म्हणून तपास आम्हीच केला,
गरम पाण्याच्या कुंडात गळ्यापर्यंत बुडून,
सकाळी सात ते नऊ.
नऊनंतर शाळेची पोरं येतात.

आम्ही म्हणजे हालबेरा, वय एक्याऐंशी, सुईण;
स्तेनथोर, डावा कान बंद, उजवा हट्टी;
ओर्री, वय बारा, ज्याचं शाळेच्या वेळेलाच पोट दुखतं;
आणि काठावर बसून टॉवेल मोजणारी मी.

मेला तो आर्नग्रीमुर, चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत गाणारा.
माडीवरून खाली पडला, पाठमोरा.
त्याची नवी कोरी कवळी मात्र
वरच सापडली, ऑर्गनच्या पायपट्ट्यांत.

"माणूस खाली, दात वर," स्तेनथोर म्हणाला,
"हा अपघात असेल तर मी देवमासा."

ओर्रीनं धुरकट काचेवर बोटानं चौदा नावं लिहिली.
वाफ एकेक पुसत गेली.
"पुसू दे," हालबेरा म्हणाली,
"या गावातली निम्मी माणसं मी पाय धरून उलटी टांगलीत.
खोटं रडणारा मला पाठमोरासुद्धा कळतो."

तिसऱ्या दिवशी ऑर्गनवाला सिंद्री आला.
वीस वर्षं बेचाळीस अंशांच्या कुंडात
बटाट्यासारखा उकडत बसणारा माणूस
त्या दिवशी गेला पोरांच्या कोमट डबक्यात,
गुडघे हनुवटीला, शेजारी प्लास्टिकचं बदक.

"गरम पाणी झोंबतंय ह्याला," हालबेरा पुटपुटली.
ओर्री बदक आणायला म्हणून गेला,
बुडी मारली, वर आला:
"डावी पोटरी. वर सहा, खाली पाच."
स्तेनथोरनं स्वतःची कवळी काढली,
नीट निरखली, परत बसवली.

सिंद्रीनं नाकारलं नाही.
"तीस वर्षं," म्हणाला, "दर रविवारी, पाव सूर खाली.
मी म्हटलं, बाबा, एकदा तरी ऐक.
तर म्हणतो, तुझा ऑर्गनच चढा लागलाय."

कुंडात कुणी बोललं नाही.
खरं सांगते, मनातल्या मनात
आम्ही सगळ्यांनीच त्याला एकदोनदा ढकललं होतं.

घाट उघडला, पोलीस आला,
बारशाचा उरलेला केक घेऊन.
आधी अंगाला साबण, मग पाण्यात, मग अटक.
नियम म्हणजे नियम.

पुढच्या रविवारी ऑर्गन मुका.
आम्ही तसेच गायलो, जन्मात पहिल्यांदा
अगदी सुरात.
दुसऱ्या कडव्याला हालबेरा थांबली.
मग स्तेनथोर, त्याला जरा उशिरा ऐकू आलं.
दुसऱ्या रांगेतली ती जागा
सगळ्यांनीच एकदा पाहून घेतली

आणि कुणी न सांगता
पाव सूर खाली उतरून
पुन्हा पहिल्यापासून गायला लागलो.