चूल एक, कुटुंब एक

गेरूचा डबा, पिशवीत तक्ते,
पायात शाळेतल्याच चपला
मिरकरवाड्याच्या उतारावर घसरणाऱ्या.
माझ्या वाट्याला एकशे चौदा दारं आली.

हव्वाबी होडेकरांनी आधी पाट दिला,
मग माणसं सांगितली: सात. थांब, नऊ.
दोघे कुवेतला, पण त्यांच्या वाटणीचा तांदूळ
अजून हात आपसूक घेतो.
"मातृभाषा?"
"आमची."
"म्हणजे कुठली?"
"आता बोलतोय ना आपण, तीच."
रकान्यात एक शब्द मावतो.
तो मी पेन्सिलीनं लिहिला.
नियमात शाई आहे.

एकोणीस दारांना कुलूप.
शेजारी न विचारता सांगतात:
बोरिवली, बोरिवली, ठाणे, मेलबर्न.

खारवी आळीत सरस्वती पावसकर
कोलीम पसरत होती, वर बघितलंच नाही.
"बोट आली की अकरा, गेली की चार."
अकरांतले सात नेपाळचे.
झोपतात जाळ्यावर, जेवतात इथे,
दसऱ्याला घरी फोन लावतात
तो ह्याच ओट्यावर बसून, हुंदका आला की बांगड्याला नावं ठेवत.
"हे कसे धरू?"
"माझ्या चुलीवरचे आहेत. लिही."
चूल एक तर कुटुंब एक,
प्रशिक्षणात साहेब हेच म्हणाले होते.
त्यांच्या डोळ्यासमोर बहुतेक गॅस होता.

साळवी स्टॉपच्या पुढे, रस्त्याच्या कामावर,
विजापूरकडची सोनव्वा.
ताडपत्रीवर गेरू धरेना.
तिनं चुलीचाच एक दगड पुढे केला,
अजून कोमट.
"ह्याच्यावर घाल नंबर.
जाऊ तिथं नेतो."

शेवटच्या रात्री बेघरांची गणती.
जेट्टीवर बॅटरी घेऊन उभी राहिले तर
लोकेंद्र बुढाथोकी नाव सांगायला तीनदा थांबला,
ऱ्हस्व-दीर्घासाठी.
मग म्हणाला, "बाई, तुम्हाला कोणी लिहिलं?"

मला?
माझ्या गल्लीत जोगळेकर मॅडम येऊन गेल्या
तेव्हा मी ह्या उतारावर होते.
समोरच्या शिवलकरांनी उत्तरं दिली, सगळी बरोबर:
एकटी. शिक्षिका. नळ आतमध्ये.
आणि शेवटी, कुणी न विचारता,
"मूळची इथली नाही हो. वेंगुर्ल्याची."

सव्वीस वर्षं झाली.
नखातला गेरू काढतेय,
निघत नाही.