विंचू

मुजावर मॅडमनी फळ्यावर लिहिलं
ओनोमॅटोपिया,
आणि शेवटच्या अक्षराला खडू मोडला.
मागच्या बाकावरनं आवाज आला, मॅडम, हा आजार हाय काय?
वर्ग हसला. मॅडमपण.

नववी ब. तीन पंख्यांतला एकच चालू,
तोही खटखटत. मॅडमनी त्याच्याकडं बोट केलं :
जो शब्द आवाजाचीच नक्कल करतो, तो हा.
परीक्षेला दोन मार्कांना येतो.
आम्ही पंख्याकडं बघितलं. दोन मार्कांचा पंखा.

सिमिलीत लाइक नायतर ॲज पाहिजे.
मेटाफरमध्ये ते काढून टाकायचं,
म्हणजे सिंहासारखा माणूस एका फटक्यात सिंह.
हायपरबोल आम्हाला शिकवावं लागलं नाही.
दिग्या चौगले उठून म्हणाला, आमच्या म्हशीनं नुसतं शिंग हलवलं
की पन्हाळ्यावर धूळ उडत्या.

मी विजयमाला व्हटकर. मुलगीच.
पण आमच्याकडं पोरीबी मी आलो, मी गेलो म्हणतात.
पुण्याची चुलती यावरनं पोट धरून हसायची.
मॅडमना विचारलं, ही कुठली फिगर ऑफ स्पीच?
म्हणाल्या, ही फिगर नव्हे गं, हे कोल्हापूर.

गृहपाठ : घरातल्या वस्तूंवर पाच वाक्यं.
मी लिहिलं, ॲज ब्रेव्ह ॲज अ लायन.
आमच्या घरात सिंह नव्हता.
रापी होती, आरी होती, ऐरण होती,
बादलीत भिजत घातलेलं कातडं होतं
आणि त्याचा वास,
जो माझ्या आधी शाळेत पोचून
माझ्या बाकावर बसलेला असायचा.

शनिवारी चप्पल लाइनीत, आमच्या दुकानात,
मॅडम. हातात तुटकं पायताण.
आण्णांनी उलटं-पालटं करून बघितलं.
अंगठा तुटलाय. कानबी ढिला पडलाय. वेणी चांगली हाय.
कान? मॅडम म्हणाल्या.
हे काय, दोन बाजूचे दोन.
कान नसला तर पायताण पायाचं ऐकत नाही.

मी खोक्यांच्या मागं उकिडवा बसलेलो.
शेजारी एक पैलवान नवा जोड घालून चालून बघत होता,
कर्र कर्र, कर्र कर्र.
हा आवाज कशाचा?
तळात विंचू हाय, आण्णा म्हणाले.
मॅडम एक पाऊल मागं सरल्या.
आण्णा हसले. रानातलं बी असतंय ओ,
नांगीवाणी वाकडं. दोन तळांच्या मधी शिवायचं.
चावत नाही. नुसतं बोलतंय.

पैसे नको म्हणाले. मॅडमनी ऐरणीवर ठेवले.
आमची पोरगी कशी हाय इंग्रजीत?
सिंहावर लिहिते, मॅडम म्हणाल्या,
खोक्यांकडं न बघता.

सोमवारी फळ्यावर एक कान, एक वेणी, एक विंचू.
आयडेंटिफाय.
वर्ग गप. दिग्यासुद्धा.
मला पाचही उत्तरं येत होती, तीन प्रश्नांची.
हात बाकाखाली राहिला,
आणि पाय, कॅनव्हासच्या बुटात,
एकमेकांवर चढून बसले.

वार्षिक परीक्षेला मात्र लिहिलं.
माय फादर्स पायताण हॅज अ स्कॉर्पियन. इट सेज कर्र.
खाली अलंकाराचं नाव. त्यात एक ओ जास्त पडला.
दोनपैकी दीड.
कर्रच्या खाली लाल रेघ होती,
चूक नाही, बरोबर नाही, नुसती रेघ,
जरा लांबच ओढलेली.

आण्णांना पेपर दाखवला.
त्यांनी तो उजेडाकडं धरला,
कातड्याची जाडी बघतात तसा,
अंगठ्यानं कडेवरनं चाचपला
आणि म्हणाले,
अर्धा कुठं गेला?