अकरावी पायरी

एका प्रश्नाचे सहा युरो मिळाले होते मला.
चौदा प्रश्न, प्रत्येकी तीन पर्याय,
अडलं तर एक इशारा, तोही मीच लिहिलेला,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
रुप्रेख्टच्या खोकल्याच्या दोन उबळींच्या मध्ये.

आता ते प्रश्न बाम्बेर्गभर
लोकांच्या खिशातून हिंडतात,
आणि बाजारातून परतताना कधी
मीही त्यांच्या मागे मागे जाते.
ओळख देत नाही.
पिशवीतून लीकच्या जुड्या डोकावत असलेल्या बाईकडे
तसंही कोण बघतं?

आजचं कुटुंब कीलचं, समुद्राकाठचं.
बापाचं नाव थोर्बेन. हे कळलं, कारण बायको
दर वळणावर त्याला हाक मारते
आणि तो दर वळणावर फोनलाच ओ देतो.
मुलगी फेन्या. नऊएक वर्षांची.
गुडघ्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर व्हेल मासे.

प्रश्न तिसरा.
या गावच्या लोकांना 'कांदे तुडवणारे' का म्हणत?
थोर्बेन म्हणतो, गरीब होते म्हणून. लाल.
बायको म्हणते, भांडकुदळ होते म्हणून. लाल.
माळी पात पायांनी आडवी करायचे,
म्हणजे जोर खाली कांद्यात उतरावा. हिरवा.
माझी आत्या वाल्पुर्गा पायांना फळ्या बांधून
वाफ्यात अशी चालायची
की बदक लग्नाला निघालंय.
हे प्रश्नात मावलं नाही.
तीनशे अक्षरांची अट होती.

प्रश्न पाचवा, नदीतल्या नगरभवनापाशी.
भिंतभर रंगवलेले खांब, रंगवलेली माणसं,
आणि त्यांतून एका बाळ-देवदूताचा पाय
खराच, दगडाचा, बाहेर आलेला.
भिंत पाहून पाय पसरावेत
हे त्याला कुणी शिकवलंच नाही.
थोर्बेनने मान वर न करता बटण दाबलं.
बरोबर. तीस गुण. पुढे चला.
फेन्या मात्र तिथेच.
"मग उरलेला तो कुठंय?"
"चित्रात."
"त्याला यायचंय की जायचंय?"

या प्रश्नाचे सहा युरो
मला सुचलेच नव्हते.

आणि मग नववा.
जुन्या धक्क्यावरून पाण्यापर्यंत पायऱ्या किती?
थोर्बेन मोजत उतरला, बायको मोजत उतरली.
दहा.
लाल.
पुन्हा मोजल्या. आता मोठ्याने, भांडणाच्या सुरात.
दहा. लाल.
"मूर्ख खेळ," तो म्हणाला. "कुणीतरी घरबसल्या
वाटेल ते ठोकून दिलेलं दिसतंय."

घरबसल्या नव्हतं हो.
फेब्रुवारी होता. पाणी उतरलेलं.
रुप्रेख्ट धक्क्यावर बसून मफलरमधून ओरडत होता,
"नीट मोज, मार्गित, तुझा गणितावर भरवसा नाही,"
आणि मी एकेका पायरीवर टाच आपटत
अकरा म्हणाले होते.
शेवटची हिरवी होती, निसरडी.
तिच्यावरून वर येताना त्याने हात दिला.
त्यानंतर तो धक्क्यावर आला नाही.

सांगावं? पिशवी खाली ठेवून दोन पावलं गेलेही मी.
पण तोवर फेन्या पालथी झोपली होती दहाव्या पायरीवर,
बाही खांद्यापर्यंत वर सारून,
आणि हात पाण्यात.
आई किंचाळली. बापाने तिचा शर्ट मागून धरला.
"आहे," ती म्हणाली. "इथं खाली अजून एक आहे.
गुळगुळीत."

फोन हिरवा झाला. काहीतरी वाजलं त्यात.
थोर्बेनने, बहुधा आज पहिल्यांदाच,
तो खिशात टाकला
आणि आपल्या टोपीने मुलीचा हात पुसला.

कंपनीला कळवायला हवं
की उन्हाळ्यात उत्तर चुकतं.
कळवीन.
आज मात्र लीक चिरायचे आहेत,
आणि माझी उजवी बाही कोपरापर्यंत ओली आहे.
ते गेल्यावर मीही वाकून बघितलं होतं.