मुळात ते गाणं घाईचं होतं

सलमाबादच्या गॅरेजात, शुक्रवारी, शटर अर्धं खाली ओढून
आम्ही वाजवायचो.
जिजो ड्रमवर, सावियो गिटारवर, बेस माझ्याकडे,
आणि गायला कैवल्य, जो आठवडाभर एसीचे डक्ट बसवतो.
बॅण्डला नाव होतं. गाणं एकही नव्हतं.

मागे इर्शादच्या चुलत्याची पिकअप उभी असे,
दाऊद मुकादमांची. चाकं बसलेली, टपावर वाळू,
टेपमध्ये अडकलेली एक कॅसेट.
एकदा इर्शादनं गंमत म्हणून बॅटरी जोडली
आणि एक बाई गायला लागली,
इतकी संथ, इतकी खालच्या पट्टीत,
जशी विहिरीच्या पायऱ्या मोजत वर येतेय:

उशिरा आलास रे पाव्हण्या,
भात निवून गेला.

एवढंच. पुन्हा तेच.
मागे कुठेतरी घण पडत होता, थांबून थांबून.
जिजोला मराठी येत नाही.
त्यानं हळूच विचारलं, कोण वारलं?

आम्ही त्याचं सहा मिनिटांचं गाणं केलं.
घणाच्या जागी ड्रम. निवून गेला-वर
सावियोची गिटार लांबवर रडत जायची.
मनामाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा वाजवलं तेव्हा
सित्र्याच्या कॅम्पवरून बस भरून माणसं आली होती.
दुसऱ्या कडव्याला एकेक मोबाइल खाली गेला.
टाळ्या उशिरा आल्या.
मला वाटलं, जमलं.

इर्शादनं ते चाचीला पाठवलं, दाभोळला.
शनिवारी रात्री तिचा फोन. स्पीकर लावला.
ती हसत होती. धाप लागेपर्यंत.
"अरे मेल्यांनो, कोणाच्या मयताला गाताय?"

मेंदीच्या रातीचं गाणं ते.
नवऱ्याकडच्यांची लाँच चुकली, पोचले रात्री दहाला,
तेव्हा बायकांनी उभ्या-उभ्या रचलेलं.
घण नव्हता तो, थाळीवर उलथनं होतं.
दीड मिनिटात आटपलं, कारण हसू आवरेना.
"आणि गात मीच होते," ती म्हणाली,
"नवरी. दाराआडून."

उशिरा आलेला पाव्हणा ती टेप घेऊन बहारीनला आला.
पन्नास डिग्रीच्या डॅशबोर्डवर
किती उन्हाळे ती फीत ताणली गेली, कोण मोजणार.
कैवल्य कानशिलापर्यंत लाल.
"चाची, आम्ही परत करतो. फास्ट."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग दुसरी.
"ते रोज ऐकायचे काय रे, गाडीत?"
इर्शाद म्हणाला, हो. यार्डवर जाताना, येताना.
"मग त्यांनीपण असंच ऐकलं असंल.
दरसाल जरासं हळू.
त्यांना कळलं तरी असंल काय?"

कुणीच काही बोललं नाही.
सावियोनं उगाच एक तार सैल केली, पुन्हा आवळली.

"राहू दे तुमचं तसंच," ती म्हणाली.
"फक्त थाळी घ्या. तो पोरगा काय धपाधपा बडवतोय."

जिजोनं सूकमध्ये अकरा थाळ्या वाजवून बघितल्या,
बंगाली दुकानदार वैतागेपर्यंत.
बारावी घेतली. किंचित पोचा आलेली, म्हणून स्वस्तात.

आता आम्ही ते तसंच वाजवतो, सहा मिनिटं.
पण कधी कधी पाचव्या मिनिटाला
न सांगता जिजो पळायला लागतो,
उलथनं थाळीवर भराभर,
आणि आम्ही तिघे मागे राहतो, धडपडतो,
कैवल्यला पाव्हण्या म्हणतानाच हसू फुटतं.
समोरच्यांना वाटतं, चुकले.